कुसळवाडीची शिरगणती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, कुसळवाडीचे माजी सरपंच आणि वयानं या गावचे सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ आदरणीय बिराप्पा लवटे. व्यासपीठावर उपस्थित असलेले तलाठी भाऊसाहेब इंद्रजित गुरव, ज्यांच्या पदाचं नाव शासनानं अलीकडेच लांबवलं असून ते मला अद्याप पाठ झालेलं नाही. छत्तीस वर्षं या गावची कोतवालकी सांभाळून कालच निवृत्त झालेले आपले सत्कारमूर्ती दस्तगीर मुलाणी. त्यांच्या सहधर्मचारिणी मेहरुनबी, ज्या व्यासपीठावर बसावं लागू नये म्हणून मघापासून खांबाच्या आड बसल्या आहेत. तासगावाहून आलेले त्यांचे चिरंजीव शाहनवाज. आणि अलीकडे जत्रेलासुद्धा जमत नाहीत इतक्या संख्येनं बिरोबाच्या या मंडपात जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

भाषणाच्या आरंभीच एक तक्रार नोंदवणं मला भाग आहे. तक्रार गंभीर आहे आणि ती शालीविषयी आहे. एप्रिल महिना, सकाळचे अकरा, डोक्यावर पत्रा, आणि संयोजकांनी मोठ्या प्रेमानं माझ्या खांद्यावर शाल घातली. वार्ताहरकीच्या सत्तावीस वर्षांत माझ्याकडे अशा एक्केचाळीस शाली साठल्या आहेत. विश्रामबागेतल्या घरात त्या ठेवायला जागा उरली नाही, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी काही कूलरवर, काही स्कूटरवर आणि एक माझ्या पाठशाळेतल्या पोथ्यांवर घातली आहे. पण आजचा अपराध त्याहून मोठा आहे. मघाशी अध्यक्ष बोलत असताना मी या शालीला शिवलेली चिठ्ठी वाचली. शाल लुधियानाची आहे आणि तिच्यात लोकरीचा अंश शून्य आहे. ज्या गावात एके काळी माणसामागं सात-आठ मेंढरं होती, ज्या गावचं घोंगडं विजापूरच्या बाजारात नाव सांगून विकलं जायचं, त्या गावात नायलॉनची शाल? हा माझा अपमान असता तर गिळला असता. हा मेंढरांचा अपमान आहे, आणि त्यांच्या वतीनं मी ही शाल निषेधपूर्वक स्वीकारतो.

रंगुबाई काय म्हणाल्या? "आवं, मग काढून ठिवा की. कुणी धरलंय?" मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगितलं. ठेवली काढून. रंगुबाई गडदे यांच्याकडे मला पुढे यायचंच आहे. तोवर त्यांनी उठून जाऊ नये.

संयोजकांनी मला गावाच्या इतिहासावर दहा मिनिटं आणि दस्तगीरभाईंवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढता येतील असं त्यांना वाटलं, यावरून संयोजक तरुण आहेत आणि गावात राहत नाहीत, एवढं सिद्ध होतं.

इतिहास संक्षेपानं सांगतो, कारण तो संक्षिप्तच आहे. ताम्रपट नाही. शिलालेख नाही. कुणी राजा इथं मुक्कामाला आल्याची नोंद नाही, आणि त्यानं यावं असं कारणही दिसत नाही. जुन्या दप्तरांतून मी पुष्कळ धूळ खाल्ली, तेव्हा एक ओळ हाती लागली: 'मौजे कुसळवाडी, घरे अकरा, विहीर एक, मेंढरे फार.' घरं मोजली, विहीर मोजली, आणि मेंढरांपाशी येऊन कारकुनाचा हात थांबला. का थांबला असेल? बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. या गावात आपलं जितराब आपण मोजायचं नसतं. मोजलं की घटतं, असा समज आहे. संध्याकाळी कळप आत घेताना बिराप्पा नुसती नजर फिरवतात आणि एक कोकरू मागं राहिलंय हे त्यांना कळतं, पण "किती हायती?" असं विचारलं तर म्हणतात, "हायती की." जे मेंढराचं तेच माणसाचं. आपली लेकरं, आपली नातवंडं, आपल्या घरची माणसं तोंडानं मोजायची नाहीत. हसू नका. आपण सांगलीकरसुद्धा तान्ह्या बाळाला गुटगुटीत म्हणताना जरा थबकतो.

आणि गाव वसलं कसं? मेंढरं घेऊन पश्चिमेला निघालेली अकरा बिऱ्हाडं या माळावर थांबली, कारण एका मेंढीला दिवस भरायच्या आधीच वेणा सुरू झाल्या. आठ दिवस थांबू, मग निघू, असं ठरलं. त्याला दोनशे वर्षं झाली म्हणतात. त्या अकरा बिऱ्हाडांतली दहा धनगरांची आणि अकरावं मुलाण्याचं. देवापुढं बकरं कापताना मुलाण्याचा हात लागावा लागतो, म्हणून तो बरोबर होता. पण गाव वसल्यावर त्याच्यावर दुसरंही काम पडलं. आपण आपल्याला मोजायचं नाही, पण माणूस किती आहे हे कुणालातरी ठाऊक असायला हवं. जेवणावळीला पीठ किती घ्यायचं? साथ आली तर कोण गेलं, कोण राहिलं? तेव्हा धनगरांनी मुलाण्याला सांगितलं, की बाबा, तू आमच्यातला आहेस आणि आमच्यातला नाहीसही, तर तू मोज. तुझी दृष्ट आम्हाला लागायची नाही.

असा विश्वास मी माझ्या पत्रकारितेत दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

मुलाण्यानं मोजायचं ते कागदावर नाही. या देवळात, देवाच्या पाठीमागं खुंटीला एक लोकरीचा दोर आहे. मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी मुलाणी त्या दोराला लोकरीचं सूत गाठ मारून बांधतो. मुलाला काळं, मुलीला पांढरं. सून आली की तिचं बांधतो, लेक सासरी निघाली की तिचं सोडून तिच्या ओटीत घालतो. माणूस मेला की बाराव्या दिवशी सोडतो. आणि मेंढरांमागं आठ-आठ महिने रानोमाळ गेलेल्याचं सूत मात्र कधी सुटत नाही, कारण तो गेलेला नसतो, रानात असतो. आता मोजणाऱ्यानं स्वतःला कसं मोजावं? त्याचीही सोय आहे. मुलाण्याच्या घरची सुतं लवट्यांच्या घरानं बांधायची. दस्तगीरभाईंचं काळं सूत साठ वर्षांपूर्वी बिराप्पांच्या वडिलांनी बांधलं, आणि मेहरुनबींचं पांढरं सूत, त्या सून होऊन आल्या तेव्हा, खुद्द अध्यक्ष महाराजांनी.

इथवर सगळं ठीक आहे. इथवर मी हे शाळांच्या स्नेहसंमेलनात सांगतो आणि टाळ्या घेतो. पुढचं सांगत नाही. आज सांगणार आहे, कारण ज्यांची क्षमा मागायची ते समोर बसले आहेत.

दोन हजार अकराचा फेब्रुवारी. सरकारी शिरगणती आली. गणती करायला बाहेरगावचे एक गुरुजी नेमले होते. सज्जन माणूस, पायी आले, पायी गेले. दस्तगीरभाई त्यांच्यासोबत असते तर मला आज हे भाषण करावं लागलं नसतं. पण त्याच आठवड्यात मेहरुनबींचं ऑपरेशन होतं आणि भाई मिरजेच्या दवाखान्यात बाकावर झोपत होते. गावातले धडधाकट बाप्ये आणि बायका मेंढरांमागं कऱ्हाडच्याही पलीकडे गेलेल्या. घरात म्हाताऱ्याकोताऱ्या आणि शाळेतली पोरं. गुरुजी एकेका उंबऱ्यावर उभे राहून विचारू लागले, घरात माणसं किती?

आता रंगुबाई, तुमचा उल्लेख आला. हा संवाद मी गुरुजींच्या तोंडून ऐकला आहे आणि रंगुबाईंच्याही. दोघांत एका अक्षराचा फरक नाही.

"आजी, घरात माणसं किती?"

"हायती की देवाच्या दयेनं."

"तसं नाही, आकडा सांगा."

"आकडा कशाला पायजे? तुमाला जेवायचं हाय का?"

"आजी, सरकारला लिहून द्यायचंय."

"मग ल्हिवा दोन."

"दोन? अहो, ही चार पोरं इथं खेळतायत, ती कुणाची?"

"ती देवाची."

गुरुजींच्या तक्त्यात देवाच्या माणसांसाठी रकाना नव्हता. रंगुबाईंच्या घरात तेव्हा नऊ माणसं होती. तिघं मेंढरांमागं, सहा घरी. नोंद झाली दोन. कुणी एक सांगितलं, कुणी तीन. एका आजीबाईंनी तर स्वतःलाही सांगितलं नाही. कुणी खोटं बोललं नाही. लेकराबाळांना दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांनी काळजी घेतली, एवढंच. सबंध कुसळवाडीची बेरीज झाली एकसष्ट.

आता माझा प्रवेश. मला बातमी हवी होती. गुरुजी भेटले, हसत हसत त्यांनी सांगितलं, मीही हसलो आणि लिहिलं. मथळा होता, 'माणसे एकसष्ट, मेंढरे अगणित!' संस्कृतात आठ वर्षं घासलेली लेखणी होती; अनुप्रास साधले, उपमा साधल्या. देवाच्या पोरांचा किस्सा कमी पडू नये म्हणून थोडा फुलवला. संपादकांनी पाठ थोपटली. सांगलीत चार लोकांनी रस्त्यात थांबवून सांगितलं की फार हसलो. तो लेख मी आजही काढून वाचला तर मला तो चांगला वाटेल, आणि हीच माझी अडचण आहे.

लेख छापून आल्याच्या आठव्या दिवशी दस्तगीरभाई आमच्या कचेरीत आले. मेहरुनबींना घरी सोडून, पहिल्या एसटीनं. खाकी सदरा, खांद्याला कापडी पिशवी. बसा म्हटलं, तर बसले नाहीत. पिशवीतून दोर काढला आणि माझ्या टेबलावर, प्रुफांच्या वर ठेवला. मेंढराचा वास सगळ्या कचेरीत सुटला.

म्हणाले, "मोजा, साहेब."

मी म्हटलं, "हे काय आहे?"

"गाव हाय."

मी मोजलं. मधे दोनदा चुकलो. त्यांनी दोन्ही वेळा दोर सरळ करून पुन्हा माझ्या हातात दिला. दोनशे चौदा.

"दोनशे चौदा," मी म्हटलं.

"आन् तुमी काय छापलं?"

मी म्हटलं, "भाई, मी माझ्या मनचं काहीच छापलं नाही. सरकारी आकडा छापला. दुरुस्ती छापू."

"सरकारनं चूक केली ती कागदात हुती, साहेब. ती कोण वाचतंय? तुमचं लोकं वाचत्यात."

दुरुस्ती छापली. चार ओळी, सातव्या पानावर, पंपाच्या जाहिरातीखाली. ती लोकांनी वाचली नाही. लेख मात्र एका कचेरीतल्या एका साहेबांनी वाचला, कात्रण काढलं आणि फायलीला लावलं.

ती फाईल शाळेची होती. कुसळवाडीच्या शाळेच्या पटावर तेव्हा सत्तावीस मुलं होती. खरी मुलं, आईबाप मेंढरांमागं आणि पोरं आजीपाशी शाळेसाठी ठेवलेली. साहेबांनी भागाकार केला. एकसष्ट माणसांच्या गावात सत्तावीस मुलं कशी असतील? पट फुगवलेला आहे. पुरावा काय? पुरावा म्हणून माझा लेख. गावातली माणसंच सांगतात की घरात दोन जण आहेत, असं प्रसिद्ध वार्ताहरानं लिहिलं आहे. प्रसिद्ध हा शब्द त्या शेऱ्यात आहे. मी तो वाचला आहे.

दस्तगीरभाई त्या कचेरीत अकरा वेळा गेले. दोर घेऊन गेले. मीही दोनदा बरोबर होतो. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी दोराकडे बघितलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, "दोराचा नमुना आमच्याकडे नाही." त्यांचंही चूक म्हणता येत नाही. त्यांच्याकडे नव्हताच.

शाळा मिटली. मुलांना ओढ्यापलीकडच्या शाळेत घातलं, साडेचार किलोमीटर. पहिलं वर्ष पोरं चालली. दुसऱ्या वर्षी सिद्धू मेटकरी बायको-पोरं घेऊन तासगावला गेला, बेदाण्याच्या शेडवर. तिथं शाळा शेडच्या मागंच होती. सिद्धू आज आला आहे, तिकडे बसला आहे. त्याच्या पोरीनं बारावीला शास्त्र घेतलंय असं मघाशी कळलं. अभिनंदन. सिद्धूचं काही चुकलं का? मुळीच नाही. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच वर्षी गेलो असतो. सिद्धूनंतर गडद्यांचं एक घर, मग लवट्यांची दोन. माणसं कमी झाली म्हणून भारमान कमी झालं, भारमान कमी म्हणून एसटी बंद झाली. एसटी बंद झाली म्हणून पुन्हा माणसं गेली. रेशनचं दुकान शेजारच्या गावाला जोडलं. मेंढरं विकली, कारण आठ महिने रानात जायचं तर घरी मागं कोण राहणार? यातली एकही गोष्ट कुणी दुष्टपणानं केली नाही. मी पुष्कळ शोधलं. वार्ताहराला एक खलनायक लागतो. मला कात्रणाच्या खाली छापलेल्या माझ्या नावाखेरीज कुणी सापडलं नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती मी आजवर छापलेली नाही. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीनंतर दस्तगीरभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "साहेब, एकसष्ट झालं."

मला वाटलं वयाचं म्हणतायत. म्हटलं, "कुणाला?"

"गावाला. काल घरं फिरलो. तुमचा आकडा आला."

आठ वर्षं ज्याला मी चुकीचा आकडा म्हणत होतो, गाव चालत चालत येऊन त्या आकड्यावर उभं राहिलं होतं. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सरकारी कामाची माहिती द्यावी तसं सांगितलं आणि मेहरुनबींनी पाठवलेलं लोणचं मिळालं का, असं विचारलं.

आज या मंडपात शंभरावर माणसं आहेत. छान दिसतंय. पण मित्रहो, यांतली बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत निघणार, कारण वाट वाईट आहे आणि जीपवाला थांबत नाही. मग राहणार एकतीस. सर्वांत धाकटा माणूस आमचे विश्वजित पुजारी, वय त्रेचाळीस, ज्यांना आजही गाव 'पोरगं' म्हणून पाणी आणायला पाठवतं. आणि दोरावर सुतं आहेत एकशे सत्त्याऐंशी. शेवटचं सूत बांधलं त्याला नऊ वर्षं झाली.

इथं एक अडचण आहे, जिचा निर्णय गेल्या आठवड्यात याच मंडपात व्हायचा होता. नव्या गणतीसाठी घरांची यादी हवी, असं तलाठी भाऊसाहेबांनी कळवलं. दस्तगीरभाईंचं ते नोकरीतलं शेवटचं काम. गाव जमलं, मीही होतो. बिराप्पांनी सरळ सांगितलं, "मुलाण्या, सुतापरमानं दी."

"सुतापरमानं म्हंजी एकशे सत्त्याऐंशी?"

"व्हय. तासगावात हायती ती काय मेली का? रानात हायती. मेंढरांमागं जायाचं तवा बी आठ म्हैनं न्हाईच दिसायचं. कवा सूत सोडलं का आपन?"

"मेंढरांमागं गेल्यालं पावसाळ्याला परत याचं, अण्णा."

"ही बी येतील."

"कवा?"

रंगुबाई मधे पडल्या. "आरं दस्तगीर, तवा मी दोन सांगितलं म्हणून शाळा गेली म्हनतोस. आता सांगते की समद्यांस्नी. नातवंडं धरून सतरा ल्ही माझ्या घरात. लागू दे दिष्ट लागली तर."

मित्रहो, त्या क्षणी मी खाली बघत होतो. ज्या बाईनं सत्तर वर्षांत कधी आकडा तोंडातून काढला नाही, ती भर सभेत आपली नातवंडं मोजून देत होती, आणि त्यांतलं एकही नातवंड इथं नव्हतं.

दस्तगीरभाई म्हणाले, "मावशी, तवा आकडा खोटा हुता म्हणून मी अकरा येळा कचेरीत गेलो. आता खोटा मीच दिला तर त्या अकरा येळांचं काय करू?"

विश्वजितनं उठून सगळ्यांना पाणी दिलं. भाईंनी यादी केली. एकतीस.

मंडळी, आज सकाळपासून सगळ्यांनी सत्कारमूर्तींच्या सेवेबद्दल फार सुंदर सांगितलं. नोटिसा वाटल्या, पंचनाम्याला उभे राहिले, पुरात, दुष्काळात, करोनात घरोघर फिरले. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि पत्रिकेत मोठ्या खुबीनं गाळली आहे. दस्तगीरभाई नोकरीतूनच निवृत्त होत नाहीत, गावातून चालले आहेत. सोमवारी, म्हणजे उद्या, सकाळी शाहनवाज टेम्पो घेऊन येणार आहे. मेहरुनबींचं हृदय पुन्हा कुरकुरतंय. एसटी सहा किलोमीटरवर, दवाखाना त्याच्याही पुढे. गेल्या पावसाळ्यात भाईंनी त्यांना खाटेवर घालून ओढा ओलांडला. खाटेला चौघे हवेत, तीन मिळाले, चौथे बिराप्पा, वय ब्याऐंशी. मुलगा म्हणतो, चला. त्याचं बरोबर आहे. या सगळ्या प्रकरणात मला छळणारी गोष्ट हीच, की प्रत्येकाचं बरोबर आहे.

यादी देण्याआधी भाई माझ्याकडे बघून म्हणाले होते, "साहेब, माझी दोन धरू का नको?" मी व्याकरण शिकलो, न्यायशास्त्राचीही दोन पुस्तकं उघडून पाहिली होती. त्यांत हा प्रश्न कुठंच नव्हता. मग त्यांनी तोच प्रश्न बिराप्पांना विचारला, कारण रीतीनं त्यांची मोजणी लवट्यांकडे.

बिराप्पा म्हणाले, "कागदात काय ल्हियाचं ती तुझं सरकार आन् तू बघ. सूत मी बांधलंय. मी सोडनार न्हाई. जातोस तर जा."

"जातोस तर जा" हे शब्द ऐकायला कठोर वाटतात. त्यानंतर दोघं देवळाच्या पायरीवर तासभर शेजारी शेजारी बसून होते. खांबाआडून मेहरुनबी आत्ता म्हणाल्या, "दोनदा तंबाखू मळली." बरं, तंबाखू मळली. नोंद घेतली.

शेवटी भाईंनी स्वतःच्या हातानं आपल्या घरापुढं रेघ मारली. यादी गेली ती एकोणतीसची.

दोर खुंटीलाच राहणार आहे. त्याचं पुढं कोण बघणार, हे मी काल तिघांना विचारलं, आणि तिघांनीही "बघू की" म्हटलं. लवटे मोजू शकत नाहीत, गडदे मोजू शकत नाहीत. मुलाणी उद्या जातोय. विश्वजित म्हणाला, "साहेब, तुमीच या की कधीमधी." मी वर्षातून किती वेळा येईन? खरं सांगायचं तर दोनदा. बारावं काही माझ्या सोयीनं येत नाही.

वेळ बरीच झाली आहे. जीपवाला घड्याळ दाखवतोय. आभार मानायचे आहेत. बिरोबा देवस्थानच्या मंडळींचे, चुलीपाशी सकाळी सहापासून उभ्या असलेल्या भगिनींचे, तासगाव, मिरज, मेढ्यापर्यंत पांगलेल्या आणि आज एका दिवसासाठी परतलेल्या सगळ्यांचे. दस्तगीरभाई, छत्तीस वर्षं तुम्ही या गावचं एकही माणूस हरवू दिलं नाहीत, त्याबद्दल आभार मानायला मला शब्द सापडत नाही. आठ वर्षं संस्कृत शिकून सापडत नाही, तेव्हा तो नसावा. माझ्या बोलण्यात थट्टा जास्त झाली असेल, कुणाचं नाव अनवधानानं राहिलं असेल, रंगुबाईंचं जरा जास्तच घेतलं गेलं असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घाला. आणि पंधरा वर्षांपूर्वी जे लिहिलं, त्याची क्षमा वेगळी मागतो. ती लगेच द्यावी असा आग्रह नाही.

जाताना एवढंच सांगतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो आकडा चुकला होता. चुकला होता म्हणून भांडता आलं, कचेरीत जाता आलं, दोर दाखवता आला. आता पुन्हा कुणी गुरुजी येतील. उंबऱ्यावर उभे राहून विचारतील, आणि या वेळी कुणी काही लपवणार नाही, कारण लपवायला घरात कुणी उरलेलं नाही. ते एकोणतीस लिहितील. आणि ते बरोबर असेल. तेव्हा मी कुठं जाऊन काय म्हणायचं, हे मला कळत नाही. मला भीती वाटते ती याची.